विद्युत् उद्दीपन चिकित्सा

तंत्रिका व स्नायू यांना त्वचेवरून अल्पकालीन विद्युत् स्पंद देऊन त्यांच्यात प्रतिसाद निर्माण करणे व त्या प्रतिसादाचा निदानासाठी किंवा उपचारासाठी उपयोग करणे, यास विद्युत् उद्दीपन चिकित्सा म्हणतात. ही भौतिकी चिकित्सेची एक शाखा आहे. कोल्हापूर व आसपासच्या भागांत रुग्ण तिला ‘करंट घेणे’ किंवा ‘करंटचा शेक’ असे म्हणतात. यांपैकी पहिले नाव बरोबर आहे, दुसरे मात्र दिशाभूल करणारे आहे. शेक देण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लघुतरंग यंत्रातील प्रवाह सेकंदास सुमारे २ कोटी ७० लक्ष वेळा आवर्तन करतो. इतक्या जलद बदलांना तंत्रिका प्रतिसाद देऊ शकत नाही व ऊतकांत केवळ उष्णता निर्माण होते. उद्दीपन चिकित्सेत उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही. तिचा सर्व परिणाम कोशिकापटलावरील विद्युत् विभव क्षणभर बदलण्यावर अवलंबून असतो. मनोविकारांवर देण्यात येणारी विद्युत् आघात चिकित्साही हिच्यापासून पूर्णपणे भिन्न आहे.

या चिकित्सेविषयी रुग्णांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. लुळा पडलेला हात यंत्र लावताच हलू लागतो, हे दृश्य पाहणाऱ्यास तो हात बरा होत असल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात त्या हालचालीचा अर्थ स्नायूकडे जाणारी तंत्रिका जिवंत आहे की नाही यावर ठरतो. एकाच यंत्राचा एकाच प्रकारे उपयोग करूनही एका रुग्णास खरा लाभ होतो व दुसऱ्यास होत नाही, याचे कारण येथेच आहे.

इतिहास : विद्युत् मत्स्याच्या स्पर्शाने डोकेदुखी व संधिवात यांच्या वेदना कमी होतात, असा उल्लेख रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यांनी इ. स. पहिल्या शतकात केला आहे. शास्त्रीय अभ्यासास मात्र लुईजी गॅल्व्हानी यांच्या बेडकाच्या पायावरील प्रयोगांपासून (प्रसिद्धी १७९१) आरंभ झाला. स्नायूतच वीज असते हे गॅल्व्हानी यांचे म्हणणे आणि वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून येते हे आलेस्सांद्रो व्होल्टा यांचे म्हणणे, यांतून मोठा वाद झाला. व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युत् घटमाला तयार केली. पुढे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्याचे दिसून आले. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावल्यावर वेटोळ्यातून मिळणारे अत्यल्प कालावधीचे स्पंद वैद्यांच्या हाती आले. घटमालेचा एकदिश प्रवाह ‘गॅल्व्हानिक’ व वेटोळ्याचा खंडित प्रवाह ‘फॅराडिक’ ही नावे तेव्हापासून रूढ आहेत.

फ्रेंच वैद्य गीयोम द्यूशेन यांनी ओलसर विद्युत् अग्रे त्वचेवर ठेवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याचे तंत्र बसविले व १८५५ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. विशिष्ट ठिकाणी अग्र ठेवल्यास अगदी थोड्या प्रवाहानेही स्नायू आखडतो, असे त्यांना आढळले होते. हूगो फोन त्सीमसेन यांनी १८५७ मध्ये विच्छेदनाच्या साहाय्याने असे दाखविले की, हे ‘प्रेरक बिंदू’ म्हणजे तंत्रिका स्नायूत शिरण्याच्या जागा होत. वैद्य स्नायूस प्रवाह देत आहेत असे समजत होते, तो प्रवाह प्रत्यक्षात तंत्रिकेस पोहोचत होता. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

प्रतिसादाची यंत्रणा : विश्रांत अवस्थेत तंत्रिकातंतूच्या आतील बाजू बाहेरील बाजूच्या तुलनेने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. तंतूजवळ ऋणाग्र आणल्यास पटलाबाहेरील धनभार कमी होतो व हा विभवांतर घटू लागतो. तो सुमारे ५५ मिलिव्होल्टपर्यंत उतरला की, पटलातील सोडियम मार्ग एकदम उघडतात, सोडियम आयन आत घुसतात व आतील बाजू क्षणभर धन होते. हा बदल शेजारच्या भागास उद्दीपित करतो आणि अशा रीतीने आवेग तंतूवरून पुढे सरकत जातो. प्रेरक तंत्रिकेत त्याचा वेग सेकंदास सुमारे ५० ते ६० मी. असतो. या घटनेचे गणिती वर्णन ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली यांनी १९५२ मध्ये केले व त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आवेग सुरू झाला की, त्याचे आकारमान उद्दीपकावर अवलंबून राहत नाही. तंतू एक तर पूर्ण प्रतिसाद देतो किंवा मुळीच देत नाही. प्रवाह वाढविल्यावर आकुंचन जोरदार होते, याचे कारण अधिक तंतू उद्दीपित होतात हे होय. त्यांतही क्रम असतो. जाड तंतू पातळ तंतूंपेक्षा कमी प्रवाहाने उद्दीपित होतात. त्यामुळे यंत्राची कळ हळूहळू फिरवीत गेल्यास रुग्णास प्रथम मुंग्या आल्यासारखे वाटते, नंतर स्नायू आखडतो व आणखी प्रवाह वाढविल्यास वेदना होतात. मुंग्या येणे आणि वेदना होणे यांमधील ही जागा बहुतेक उपचारांत उपयोगी पडते. ती प्रत्येक रुग्णात वेगळी असते व रुग्ण घाबरलेला असेल, तर फारच अरुंद होते.

मनुष्य स्वेच्छेने स्नायू आखडतो, तेव्हा मेंदू प्रथम लहान, न थकणारे स्नायुतंतू कामास लावतो व गरज पडेल तसे मोठे तंतू सामील करतो. शिवाय तो त्यांना पाळीपाळीने विश्रांती देतो. यंत्रास हे साधत नाही. अग्राखाली येणारे तेच ते तंतू प्रत्येक स्पंदास एकाच वेळी प्रतिसाद देतात. म्हणून विजेने घडविलेले आकुंचन लवकर थकते. सेकंदास एक स्पंद दिल्यास स्नायू एकदा झटका देऊन सैल पडतो. सेकंदास सु. ३० ते ५० स्पंद दिल्यास झटके परस्परांत मिसळून अखंड आकुंचन मिळते. त्याहून कंप्रता वाढविल्यास जोर थोडा वाढतो, पण थकवा फार वाढतो.

स्पंदकाल व प्रवाह : स्नायू आखडण्यास किती प्रवाह लागेल हे तो किती वेळ दिला यावर अवलंबून असते. कितीही वेळ दिला तरी ज्याहून कमी प्रवाह चालत नाही, त्या किमान प्रवाहास ऱ्होबेस म्हणतात. त्याच्या दुप्पट प्रवाह दिला असता जेवढा वेळ लागतो, तो काल म्हणजे क्रोनॅक्सी. या दोन्ही संज्ञा फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक ल्वी लापीक यांनी १९०९ मध्ये प्रचारात आणल्या. तंत्रिका शाबूत असलेल्या स्नायूची क्रोनॅक्सी १ मिसें.पेक्षा (सेकंदाच्या सहस्रांशापेक्षा) कमी असते. तंत्रिका नष्ट झालेल्या स्नायूची ती १० मिसें. वा त्याहूनही अधिक भरते. तंत्रिकातंतूचे पटल चपळ व स्नायुतंतूचे मंद असल्यामुळे हा फरक पडतो. निरोगी स्नायूत अल्पकालीन स्पंद तंत्रिकेच्या शाखांना गाठतो व त्या स्नायूस जागे करतात. तंत्रिकाच उरली नसेल, तर तोच स्पंद स्नायूवरून निघून जातो व काहीही घडत नाही. अशा स्नायूस १०० मिसें. किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा स्पंद द्यावा लागतो आणि मिळणारे आकुंचन झटक्यासारखे नसून किड्याच्या सरपटण्यासारखे संथ असते. प्रेरक बिंदूही नाहीसा झालेला असतो.

तंत्रिकेचा आणखी एक गुण उपचारात वापरला जातो. प्रवाह हळूहळू चढविल्यास ती त्याच्याशी जुळवून घेते व उद्दीपित होत नाही. तंत्रिकाविरहित स्नायूत ही शक्ती नसते. म्हणून चढता त्रिकोणी स्पंद दिल्यास शेजारचे निरोगी स्नायू शांत राहतात व फक्त रुग्ण स्नायू आखडतो. हा फरक चिकित्सकास यंत्राच्या काट्यावर नव्हे, तर डोळ्यांना दिसतो.

तंत्रिका तुटल्याबरोबर ही चिन्हे मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. छेदापलीकडचा तुकडा काही दिवस जिवंत असतो व त्यास प्रवाह दिल्यास स्नायू पूर्वीसारखाच आखडतो. त्याचा ऱ्हास पूर्ण होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे ही चाचणी साधारणतः तीन आठवड्यांनंतर करतात. आधी केलेल्या चाचणीवरून ‘नस चांगली आहे’ असा निर्वाळा मिळाल्यास तो फसवा ठरतो.

मल्लाचा गुडघा : तंत्रिका शाबूत असूनही स्नायू काम करीत नाही, याचे ठळक उदाहरण कोल्हापुरात सहज आढळते. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) उभारलेले खासबाग मैदान आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमी यांमुळे हे शहर कुस्तीचे केंद्र झाले. कुस्तीत पाय जमिनीवर रोवलेला असताना धड फिरते व गुडघ्यातील अस्थिबंध किंवा अर्धचंद्राकार कूर्चा फाटते. गुडघा सुजतो. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मांडीचा पुढचा चतुःशीर्ष स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका रोडावतो. केवळ विश्रांतीने एवढा ऱ्हास इतक्या लवकर होत नाही. सांध्यातील ताण व द्रव यांची वार्ता संवेदी तंत्रिकांमार्फत मेरुरज्जूत पोहोचते आणि तेथील प्रेरक कोशिका दाबल्या जातात. निरोगी गुडघ्यात थोडा निर्जंतुक लवणद्राव सोडला, तरी हा स्नायू तात्पुरता दुबळा होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मल्ल पूर्ण जोर लावीत असतो, परंतु त्याचा हुकूम वाटेतच अडतो.

येथे यंत्राचे काम सरळ आहे. ते अडलेल्या जागेच्या पुढे, मांडीतच, तंत्रिकेस उद्दीपित करते. सु. ०·२ ते ०·४ मिसें.चे स्पंद सेकंदास ३५ ते ७५ या कंप्रतेने देतात. दहा सेकंदांच्या आकुंचनानंतर सु. पन्नास सेकंद विश्रांती देतात. अशी दहा ते पंधरा आकुंचने एका बैठकीत होतात. रुग्णाने त्याच क्षणी स्वतःही मांडी आवळावी, अशी अपेक्षा असते. अस्थिबंधाच्या किंवा कृत्रिम सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत व्यायामाच्या जोडीस असे उद्दीपन दिल्यास स्नायूचे बल केवळ व्यायामापेक्षा लवकर परत येते, हे अनेक चाचण्यांत आढळले आहे. मात्र आकुंचन जोरदार असावे लागते. मुंग्या येण्याइतक्या मंद प्रवाहावर अर्धा तास पडून राहिल्याने स्नायू वाढत नाही. अनेक ठिकाणी उपचार निष्फळ ठरतो तो याच कारणाने, आणि दोष मात्र पद्धतीस लागतो.

निरोगी मल्लास या उपचाराचा उपयोग नाही. सोव्हिएट संघातील याकॉव्ह कोट्स यांनी १९७० नंतरच्या दशकात खेळाडूंच्या बलात विद्युत् उद्दीपनाने मोठी वाढ झाल्याचा दावा केला होता व त्यांच्या नावाशी निगडित असलेला ‘रशियन प्रवाह’ अद्यापही यंत्रांवर लिहिलेला असतो. तथापि नंतरच्या प्रयोगांत ती वाढ नेहमीच्या जोरकस व्यायामाहून अधिक असल्याचे दिसले नाही. जोर व बैठका काढण्याचे काम पट्टा बांधून होत नाही. पोट सपाट करण्यासाठी विकले जाणारे पट्टे चरबी घटवितात यासही आधार नाही.

तुटलेली तंत्रिका : ऊसतोडीचा कोयता मनगटाच्या वर लागणे किंवा गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडणे, या ऊस पिकविणाऱ्या प्रदेशातील नेहमीच्या दुखापती आहेत. त्यांत कंडरा व रक्तवाहिन्यांबरोबर हाताच्या तंत्रिकाही तुटतात. शस्त्रक्रियेने तंत्रिकेची टोके जुळविली, तरी पलीकडचे तंतू मृत होतात व अलीकडच्या टोकातून नवे तंतू वाढत जावे लागतात. ही वाढ दिवसास सुमारे १ मिमी. असते. मनगटाजवळील छेदापासून अंगठ्याच्या बुंध्यातील स्नायू १० सेंमी. दूर असल्यास तेथपर्यंत पोहोचण्यास शंभर दिवस लागतात. आरंभीचे काही आठवडे व स्नायूशी जोडणी होण्याचा काळ वेगळाच धरावा लागतो. छेद कोपराजवळ असेल, तर हाताच्या पंजापर्यंतचे अंतर सु. ३० सेंमी. असते व वाट जवळजवळ वर्षाची होते. दरम्यान पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्नायूचे वजन निम्म्याच्या आसपास घटते. दीड-दोन वर्षांत स्नायुतंतूंची जागा तंतुमय ऊतक व चरबी घेऊ लागतात. तंतू त्यानंतर पोहोचले, तर त्यांना जोडण्यासाठी फारसे काही उरलेले नसते.

या शर्यतीत स्नायूस विजेने ‘जागा’ ठेवता येईल काय, हा या विषयातील सर्वांत जुना व अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. जनावरांवरील प्रयोगांत ऱ्हास मंदावल्याचे दिसते, पण त्यासाठी दिवसाकाठी द्यावी लागणारी आकुंचने रुग्णालयातील बैठकीत मिळणाऱ्या आकुंचनांहून कितीतरी अधिक असतात. आठवड्यातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे दिलेल्या उद्दीपनाने तंत्रिका लवकर वाढते वा कार्य अधिक चांगले परत येते, असा निर्णायक पुरावा नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथे हेल्मूट कर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी कायमची तंत्रिकाहानी झालेल्या रुग्णांच्या मांड्यांना घरच्या घरी, दीर्घ मुदतीपर्यंत, १०० मिसें.हून अधिक काळाचे व बरेच तीव्र स्पंद दिले. स्नायूंचे आकारमान खरोखरच वाढले. ऐच्छिक हालचाल मात्र आली नाही व ती येणे शक्यही नव्हते, कारण हुकूम पोहोचविणारी तार जोडलेलीच नव्हती.

अधिक आशादायक दिशा वेगळीच निघाली आहे. कॅनडात टेसा गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटातील बोगद्यात दाबल्या गेलेल्या मध्य तंत्रिकेची शस्त्रक्रिया झाल्यावर लगेच, सेकंदास २० स्पंद याप्रमाणे, एक तास तंत्रिकेस उद्दीपन दिले. अशा रुग्णांत अंगठ्याच्या स्नायूंची पुनर्जोडणी उद्दीपन न दिलेल्या रुग्णांहून अधिक झाली (२०१०). येथे महिनोन्महिने स्नायूस नव्हे, तर एकदाच तंत्रिकेस प्रवाह दिला जातो. ही पद्धत शस्त्रक्रियागृहापुरती असून भौतिकी चिकित्सेच्या नेहमीच्या यंत्राशी तिचा संबंध नाही.

ज्या कुटुंबाची मिळकत हाताच्या कामावर आहे, त्याच्या दृष्टीने हा तपशील केवळ शास्त्रीय राहत नाही. गावाहून दररोज एसटीने येऊन करंट घेण्यात मजुरी बुडते. त्याच वेळात सांधे सैल ठेवण्याचे व्यायाम, बोटे वाकडी होऊ नयेत म्हणून बांधावयाची खपाची वा प्लॅस्टिकची पट्टी आणि बधिर बोटांचे भाजण्यापासून रक्षण या गोष्टी घरी करता येतात व त्यांचे मोल निश्चित आहे. सांधा आखडल्यावर तंत्रिका परत आली, तरी हात उघडत नाही.

चेहऱ्याचा पक्षाघात : सकाळी उठल्यावर तोंड एका बाजूस वाकडे झालेले आढळते व एक डोळा मिटत नाही. लोक यास वारा लागला असे म्हणतात. आनन तंत्रिकेस सूज येऊन ती कवटीच्या अरुंद हाडी मार्गात दाबली गेल्यामुळे हा विकार होतो व चार्ल्स बेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. काहीही उपचार न करता दहांपैकी सुमारे सात रुग्ण पूर्ण बरे होतात. हाच आकडा या रोगात विजेच्या कीर्तीस कारण झाला आहे, कारण आपोआप बरे होणाऱ्या रुग्णाने जे काही केले असेल त्यास श्रेय मिळते. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू केल्यास बरे होण्याचे प्रमाण वाढते, हे चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. विद्युत् उद्दीपनाबाबत असे सिद्ध झालेले नाही. उपचाराच्या शोधात ते तीन दिवस निघून जाणे हीच यातील मोठी हानी होय. उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी घेणे तितकेच निकडीचे असते.

मेंदू व मेरुरज्जू यांच्या विकृती : अर्धांगवातात बिघाड मेंदूत असतो. मेरुरज्जूपासून स्नायूपर्यंतची तंत्रिका जिवंत असते. त्यामुळे तो स्नायू अल्पकालीन स्पंदास निरोगी स्नायूप्रमाणे प्रतिसाद देतो. चालताना पायाचा पंजा लोंबणे हे या रोगात वारंवार दिसते. पायातील चप्पल वारंवार निसटू लागणे ही त्याची घरगुती खूण आहे. रुग्णास चप्पल निसटल्याचे कळते की नाही, हेही वैद्य विचारतात. कळत असेल, तर दोष बहुधा बलात आणि कळत नसेल, तर संवेदनेत असतो. कोल्हापुरी चपलेस मागे पट्टा नसल्यामुळे ही खूण येथे लवकर ध्यानात येते. व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांच्या बुटात टाचेखाली एक कळ बसविली. टाच उचलली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूजवळून जाणाऱ्या तंत्रिकेस स्पंद मिळत व पंजा वर उचलला जाई. स्नायूकडून वेळेवर उपयुक्त हालचाल करवून घेण्याच्या या पद्धतीस कार्यात्मक विद्युत् उद्दीपन म्हणतात. वीज येथे बरे करणारे औषध नसून पांगुळगाड्यासारखे साधन आहे. तथापि रुग्ण स्वतःही प्रयत्न करीत असता हालचाल वारंवार घडविल्यास काहींत ऐच्छिक नियंत्रणही सुधारते.

अधरांगवातात हीच कसोटी लावावी लागते. मेरुरज्जूस इजा पाठीच्या वरच्या भागात झाली असेल, तर इजेखालील प्रेरक कोशिका शाबूत असतात व पायांचे स्नायू विजेस प्रतिसाद देतात. इजा कंबरेत, तंत्रिकांच्या जुडग्यास झाली असेल, तर देत नाहीत. पहिल्या प्रकारच्या रुग्णांस उद्दीपनावर चालणारी सायकल चालविता येते व त्यामुळे मांड्यांचे स्नायू आणि रक्ताभिसरण सुधारते. मेरुरज्जूवरच अग्रे बसवून एका रुग्णात उभे राहणे व पाय हलविणे साध्य झाल्याचे अमेरिकेतील लुईव्हिल येथून २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रयोग मोजक्या केंद्रांपुरते आहेत. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने चाकाची खुर्ची, कॅलिपर, शिक्षण व रोजगार यांवर भर दिला. स्वतः हुरजूक यांस तरुणपणी अधरांगवात झाला होता. स्नायू परत येण्याची वाट पाहण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवू नयेत, हा विचार त्या कार्यामागे स्पष्ट दिसतो.

बालपक्षाघातात (पोलिओत) मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकाच नष्ट होतात. भारतातील नैसर्गिक विषाणूजन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. पूर्वी रोग झालेले प्रौढ मात्र सर्वत्र आहेत. ज्या कोशिका गेल्या, त्यांचे स्नायू विजेने परत येत नाहीत. उरलेल्या कोशिकांवर आधीच अतिरिक्त भार असल्यामुळे त्यांच्या स्नायूंना जोरकस उद्दीपन देणे अपायकारकही ठरू शकते.

वेदनाशमन : रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार सिद्धांतानुसार जाड संवेदी तंतूंतील आवेग मेरुरज्जूत वेदनेच्या वार्तेस अडवितात. त्यावरून स्नायू न आखडता केवळ मुंग्या येतील इतके स्पंद देणारी लहान यंत्रे निघाली. कंबरदुखी व सांधेदुखी यांत त्यांचा उपयोग होतो, परंतु आराम बहुधा यंत्र चालू असेपर्यंत व त्यानंतर थोडाच काळ टिकतो.

धोके : एकदिश प्रवाह त्वचेवरील क्षारांचे विघटन करतो. ऋणाग्राखाली अल्कली व धनाग्राखाली अम्ल साचते. अग्राखालील कापडाची घडी कोरडी वा असमान असेल, तर त्वचा रासायनिक रीत्या जळते. दीर्घ स्पंदांत हा धोका विशेष असतो. निरोगी त्वचेचा रुग्ण जळजळ होताच ओरडतो. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेचा रुग्ण शांत पडून राहतो व जखम दुसऱ्या दिवशी दिसते. कुष्ठरोगात तंत्रिका रोगग्रस्त असल्यामुळे हात व पाय लुळे पडतात आणि उपचारासाठी नेमके हेच रुग्ण येतात. म्हणून अग्रे लावण्यापूर्वी टाचणीच्या स्पर्शाने संवेदना तपासणे हे शिष्टाचाराचे काम समजू नये. हृदयास गतिकारक यंत्र बसविलेल्या व्यक्तीस, गर्भवतीच्या पोटावर व कंबरेवर, मानेच्या पुढच्या बाजूस, रक्ताची गुठळी झालेल्या पायास व कर्करोगाच्या गाठीवर हा उपचार देत नाहीत. हाडात धातूची पट्टी असेल, तर त्या जागी एकदिश प्रवाह वर्ज्य मानतात. अल्पकालीन द्विदिश स्पंद मात्र योग्य काळजीने देता येतात.

भारतात भौतिकी चिकित्सेचे रीतसर शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले व १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पुढे ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांबरोबर खाजगी चिकित्सालयेही आता तालुक्याच्या गावी आढळतात. त्यांतील बहुतेक यंत्रांवर अल्प व दीर्घ अशा दोन्ही स्पंदांची सोय असते. त्यांपैकी कोणता स्पंद निवडला व तो का, हे रुग्णाने विचारल्यास चिकित्सकास वरील विवेचनाच्या आधारे दोन वाक्यांत सांगता येते.